पानाची सबुरी, उसाची घाई

फर्नांदो ऑर्तिझच्या 'कोंत्रापुंतेओ कुबानो देल ताबाको इ एल आसुकार' या पुस्तकाकडे रसिक म्हणून फारसे कुणी वळत नाही. क्युबाचा तंबाखू आणि क्युबाची साखर असा विषय म्हटल्यावर आत निर्यातीचे आकडे, जकाती आणि करारमदार असणार, असे वाटते. ते आहेतही. पण 1940 साली हवानात निघालेल्या या पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे चक्क सवाल-जवाब आहे. एका बाजूला डॉन तंबाखू, दुसऱ्या बाजूला दोन्या साखर. दोघांना समोरासमोर उभे करून ऑर्तिझ त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंतची उणीदुणी काढतो, आणि ती काढता काढता एका बेटाचा चारशे वर्षांचा इतिहास सांगून मोकळा होतो.

हा साचा त्याने उचलला हुआन रुईस या चौदाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मगुरू-कवीकडून. रुईसच्या 'लिब्रो दे बुएन आमोर' या काव्यात मांसाहाराचे प्रतीक असलेला डॉन कार्नाल आणि उपवासाचे प्रतीक असलेली दोन्या क्वारेस्मा यांची लढाई जुंपते. मराठी वाचकाला मात्र हे वाचताना कलगी-तुरा आठवल्याशिवाय राहणार नाही. कलगीवाल्यांनी शक्तीची थोरवी गायची, तुरेवाल्यांनी शिवाची, आणि रात्रभर एकमेकांना कोड्यात धरायचे. ऑर्तिझचा सामनाही असाच नर-मादीचा आहे. शिवाय क्युबाच्या खेड्यांतले शेतकरी दहा ओळींच्या कडव्यांत एकमेकांवर मात करण्याचे सामने लावत आले आहेत. म्हणजे साचा स्पेनचा असला तरी ठेका घरचा.

सामना सुरू होतो आणि ठिणग्या उडू लागतात. ऊस उन्हाचा लोभी, तंबाखू सावली शोधणारा. उसाच्या कांड्याला किंमत, पाला फेकायचा. तंबाखूच्या पानाला किंमत, खोड फेकायचे. ऊस एकदा लावला की वर्षानुवर्षे खोडवा देतो, तंबाखू दरसाल नव्याने जन्माला घालावा लागतो. साखर पांढरी, तिला वास नाही. तंबाखू सावळा, आणि त्याचा सगळा रुबाब वासात. एक पाण्यात विरून जाते, दुसरा धुरात. साखर परकी, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर या समुद्रात आलेली, तंबाखू बेटाचाच. नोव्हेंबर 1492 मध्ये कोलंबसाची दोन माणसे, रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोर्रेस, क्युबाच्या आतल्या भागात गेले, तेव्हा तिथली माणसे पान पेटवून धूर घेत होती.

असे पानामागून पान चालते. सुरुवातीला गंमत वाटते, मग थोडा कंटाळाही येतो, कारण जोड्या लावायचा छंद ऑर्तिझला सोडवत नाही. पण जरा पुढे गेले की कळते, हा गडी खेळता खेळता जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते सांगतो आहे. ऊस म्हणजे हजारो एकरांचा मळा, त्याच्या मधोमध 'सेन्त्राल' नावाचा अजस्र कारखाना, त्याची स्वतःची रेल्वे, परदेशी भांडवल आणि त्याआधी गुलामांची जहाजे. तंबाखू म्हणजे नदीकाठची छोटी 'वेगा', ती कसणारा 'वेगेरो' आणि त्याच्या घरची माणसे.

ऑर्तिझ (1881–1969) शिक्षणाने कायदेपंडित. आरंभी तो गुन्हेगारीशास्त्रात रमला, पुढे क्युबातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे संगीत, धर्म आणि भाषा यांचा सर्वांत मोठा अभ्यासक झाला. त्याच्या पुस्तकात जडजड प्रकरणे पुष्कळ आहेत, टिपा-पुरवण्यांचा तर डोंगर. तरीही माझ्या मते या पुस्तकाचा जीव आहे तो तंबाखूच्या वाफ्यात. साखरेबद्दल लिहिताना ऑर्तिझ रागावलेला, हिशेबी असतो. तंबाखूपाशी आला की त्याच्या लिहिण्याला हात फुटतात.

हे हात काय करत असतात, ते नीट पाहिल्याशिवाय त्याची वाक्ये पूर्ण कळत नाहीत. तंबाखूचे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे मावतात. ते नुसते चिमटीने टाकता येत नाही. राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर विखरायचे, वर माती लोटायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. दीड महिन्याची रोपे झाली की लावणी. क्युबात ही लावणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान होते. मग रोप कमरेच्या वर आले आणि कळी धरू लागले की शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाचे बळ फुलाकडे न जाता पानात उतरते. शेंडा गेला की झाड पानांच्या बेचक्यांतून फुटवे काढते, तेही खुडायचे. पुन्हा येतात, पुन्हा खुडायचे. अळी हाताने वेचायची. आणि तोडणीसुद्धा एका दमात नाही. खालची पाने आधी पिकतात, म्हणून एका वेळी दोन-तीन पाने काढत वर वर जायचे, मध्ये काही दिवस थांबत. एका झाडापाशी माणूस हंगामात किती वेळा वाकतो, ते मोजायला कुणी बसत नाही. ऑर्तिझला यातून एक मोठा मुद्दा मिळतो: उसाचे शेत फडाच्या हिशेबाने पाहिले जाते, तंबाखूचे पानाच्या हिशेबाने. इथे शेतकरी माळ्यासारखा राबतो, आणि माळ्याला हाताखाली तांडा ठेवून भागत नाही.

खरी बहार आहे ती यापुढच्या कामात, पान वाळवण्यात. पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागात, सान लुईस किंवा सान हुआन इ मार्तिनेसच्या आसपास, शेताच्या कडेला उंच छपराची एक वखार असते, 'कासा दे ताबाको'. तिला खिडक्या जवळजवळ नाहीत, दारे दोन टोकांना. ती पूर्व-पश्चिम बांधतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद भिंतींवर पडते आणि आतली हवा फार तापत नाही. पाने जोडीजोडीने सुई-दोऱ्याने ओवून लांब काठ्यांवर टांगतात. काठ्या आधी खाली, मग पान जसे सुकेल तसतशा वर सरकवत नेतात. दारे कधी उघडायची, कधी लावायची, हे हवेकडे आणि पानाकडे पाहून ठरते. असे साधारण पन्नास दिवस.

या सगळ्याला खर्च किती, हा प्रश्न ऑर्तिझ वेगळा विचारत नाही, पण त्याचे उत्तर त्याच्या प्रत्येक वाक्यामागे आहे. छप्पर माडाच्या जातीच्या झाडांच्या झावळ्यांचे. भिंती त्याच झाडांच्या फळ्यांच्या. तयार मालाच्या गठड्या बांधायच्या त्या राजमाडाच्या खोडाला वेढून असलेल्या रुंद पोगीत. तिला तिथे 'यागुआ' म्हणतात. सुई, दोरा, काठ्या, एक धारदार पाते. साखर करायची तर चरक, बॉयलर, रूळ आणि बँक लागते. तंबाखू घरी पिकवून घरीच वाळवता येतो, घरच्याच माणसाने वळून ओसरीवर ओढता येतो. कमी पैशांत उभा राहणारा हा धंदा आहे, आणि ऑर्तिझच्या मते वेगेरोच्या मानेत जो ताठा आहे तो यातूनच आला.

आता वेळेचे. ज्याने हौसेने परसात दहा-बारा झाडे लावून पान वाळवून पाहिले असेल, त्याला हा भाग चटकन कळेल. तोडलेले पान कडक उन्हात टाकले तर ते दोन दिवसांत वाळते, पण हिरवेच राहते. ओढले तर गवत जळल्यासारखे लागते. कारण पान लगेच मरून चालत नाही. तोडल्यावरही ते बरेच दिवस जिवंत असते. त्या काळात त्यातल्या पिठुळाची साखर होते, हरितद्रव्य मोडते, पान आधी पिवळे मग तपकिरी होते. ते फार भराभर सुकले तर हा सगळा व्यवहार अर्ध्यावर थांबतो. हवा दमट आणि कोंडलेली राहिली तर बुरशी धरते. त्यानंतर वाळलेली पाने किंचित ओलावून ढीग घालायचे. ढीग आतून तापू लागतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो, आणि फार तापण्याआधी तो मोडून आतली पाने बाहेर, बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. या मुरण्यातच तंबाखूचा तिखटपणा निघून जातो. नवखा माणूस इथे हमखास घाई करतो.

आणि समोर साखर! ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते. एक-दोन दिवसांत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून क्युबातला 'साफ्रा' म्हणजे गाळपाचा हंगाम ही एक पिसाट धावपळ. रात्रंदिवस चाके फिरत राहिली पाहिजेत, त्यासाठी फड जवळ हवा, रेल्वे हवी, मजूर हजारोंनी आणि एकाच वेळी हवेत. ऑर्तिझने इथे फार मोठी गोष्ट फार साध्या जागी पकडली आहे. उसाचा रस नासतो म्हणून कारखान्याला जमीन गिळावी लागते. पान थांबते म्हणून शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर राहता येते. गुलामी आणि मोकळीक यांची मुळे तो वनस्पतीच्या पेशींपर्यंत नेतो. हा निष्कर्ष पूर्ण पटो न पटो, असा विचार करण्याची हिंमत आणि तो इतक्या ऐंद्रिय भाषेत मांडण्याची ताकद मला तरी फार थोड्या अर्थतज्ज्ञांत दिसली.

तंबाखूची मोकळीक सरकारला कधीच बघवली नाही, हेही पुस्तकात आहे. 1717 मध्ये स्पेनच्या राजाने 'एस्तांको' आणला, म्हणजे तंबाखू विकायचा तो सरकारलाच आणि सरकार ठरवील त्या भावाने. वेगेरोंनी तीनदा बंड केले. 1723 च्या बंडानंतर पकडलेल्यांना मारून हवानाजवळच्या हेसूस देल मोंतेत टांगले. ही मक्तेदारी 1817 मध्ये उठली. घरी पिकवलेल्या आणि घरी वाळवलेल्या पानावर राज्यकर्त्यांची नजर सगळीकडेच असते. आपल्याकडे इंग्रज सरकारने 1943 मध्ये तंबाखूवर अबकारी बसवली, तेव्हा शेतकऱ्याच्या वाळवणाचीही सरकारदरबारी नोंद होऊ लागली.

चिरूट वळणाऱ्यांच्या कारखान्यातला प्रसंग ऑर्तिझ थोडक्यात उरकतो, पण तो माझा आवडता आहे. चिरूट वळण्याचे काम शांत असते, यंत्राची घरघर नाही. म्हणून 1865 मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी वाचक नेमला. उंच आसनावर बसून त्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायच्या. त्याचा पगार कामगार आपापल्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली, यावरून त्या वाचनाचा दरारा कळावा. ही प्रथा मात्र टिकली. 'माँटेक्रिस्तो' हे चिरुटाचे नाव वाचकाच्या तोंडून ऐकलेल्या ड्युमाच्या कादंबरीवरून आले, असे सांगतात. साखर कारखान्यात असे घडणे शक्यच नव्हते. तिथे चरकाच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. या वाचकामुळे कामगार संघटित झाला, आणि क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या हद्दपार होसे मार्तीला अमेरिकेतल्या टाम्पाच्या चिरूट कामगारांकडून लढ्यासाठी पैसा मिळाला, तो याच परंपरेतून.

इतके कौतुक झाल्यावर भांडणाचे मुद्देही सांगायला हवेत. पहिला नर-मादीचा. तंबाखू पुरुष, साखर बाई, ही कल्पना पहिल्या दहा पानांत मजा आणते आणि नंतर ओढूनताणून आणलेली वाटते. क्युबातल्या कारखान्यांत पानाची मधली शीर काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केले. डॉन तंबाखूच्या मिशीला पीळ द्यायला बायकांचे हात लागत होते, हे ऑर्तिझच्या काव्यात बसत नाही. दुसरा मुद्दा अधिक गंभीर. तंबाखू म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण त्याने जरा जास्तच गोड करून मांडले. तंबाखूच्या शेतांवरही गुलाम होते, बटाईने कसणारे कर्जबाजारी कूळ होते. ब्रिटिश इतिहासकार जीन स्टब्ज यांच्या 'टोबॅको ऑन द पेरिफेरी' (1985) या पुस्तकाने क्युबातल्या तंबाखूची ही दुसरी बाजू समोर आणली. ओली पाने हाताळणाऱ्याच्या कातडीतून निकोटीन शिरते आणि मळमळ, चक्कर येते. हा त्रास तर कुठल्याच वेगेरोला चुकत नसणार.

शिवाय आजचा वाचक हे पुस्तक कर्करोगाच्या वॉर्डाची आठवण मनात ठेवून वाचतो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे गाजलेले अभ्यास 1950 मधले, पुस्तकानंतर दहा वर्षांनी आलेले. ऑर्तिझला दोष देता येत नाही. पण तंबाखूच्या धुरातले अध्यात्म तो रंगवू लागतो, तेव्हा आपला घसा खवखवतो.

मराठी वाचकाला आणखी एक जागा दिसेल, जी ऑर्तिझला दिसणे शक्य नव्हते. पुणे-बेंगळुरू महामार्गाने कोल्हापूर सोडून दक्षिणेला निघा. तासाभरात उसाचा मुलूख मागे टाकून गाडी निपाणीत येते, तंबाखूच्या पेठेत. सामन्याचे दोन्ही पक्ष शेजारी शेजारी! पण इथे ऑर्तिझची सूत्रे उलटीपालटी होतात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून पुढे आपल्याकडे साखर छोट्या ऊसउत्पादकांच्या सहकारातून उभी राहिली. क्युबासारखी जमीन एका सेन्त्रालने गिळली नाही. मात्र घाई तीच राहिली, आणि तिची किंमत मराठवाड्यातून येणारे ऊसतोड मजूर मोजतात. नवरा-बायको मिळून तिथे एक 'कोयता' धरतात. दोन माणसांना एका हत्याराचे नाव. ऑर्तिझ असता तर हे त्याने लगेच टिपले असते.

तंबाखूचे उलट झाले. निपाणीचा विडीचा तंबाखू वखारीत टांगत नाहीत. झाड कापून रानातच उन्हात वाळवतात. तोही छोट्या शेतकऱ्यांनी, घरच्या कष्टाने पिकवलेला. पण भाव व्यापाऱ्याच्या हातात. म्हणूनच मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मारले गेले. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, धुळीत खोकणाऱ्या बायकांनी त्याच काळात संघटना केली. युगांतर या चित्रपट-गटाचा 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा 1982 चा माहितीपट त्यांच्यावरच आहे. हवानातल्या कामगारांना वाचक होता. निपाणीच्या बायका कॅमेऱ्यासमोर स्वतःच बोलल्या.

मग ऑर्तिझ चुकला का? मला तसे वाटत नाही. सामना रंगात आला असतानाच त्याने एक कबुली देऊन ठेवली आहे: हे भेद पिकांच्या रक्तात कायमचे नाहीत, भांडवल जसजसे तंबाखूतही शिरते तसतसा तंबाखू साखरेच्या वळणावर जातो. झाडाची नैसर्गिक ओढ एक असते आणि बाजार तिला दुसरीकडे वळवतो, हे त्याने पाहिले होते. निपाणी त्या वाक्याचा पुरावा आहे.

पुस्तकाच्या उत्तरार्धात 'ट्रान्सकल्चरेशन' ही त्याची गाजलेली संकल्पना येते. दोन संस्कृती भेटतात तेव्हा एक दुसरीत नुसती मुरत नाही. दोघी काहीतरी गमावतात आणि तिसरेच काही जन्मते, असा तिचा आशय. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्कींनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिचे तोंड भरून कौतुक केले आणि अभ्यासकांनी पुढे तीच उचलून धरली. ती महत्त्वाची आहेच. पण हीच कल्पना पहिल्या भागाच्या शेवटी ऑर्तिझने परिभाषेशिवाय, नुसत्या खट्याळपणाने सांगितली आहे. भांडून भांडून दमलेल्या डॉन तंबाखूचे आणि दोन्या साखरेचे तो लग्न लावून देतो, आणि त्या लग्नातून अपत्य होते ते मद्य. शंभरेक पाने चाललेल्या वादाचा असा निकाल लावायला विद्वत्तेपेक्षा निराळी अक्कल लागते.

स्पॅनिश येत नसेल तर हॅरिएट दे ओनीस यांचे 1947 चे इंग्रजी भाषांतर आहे. 1995 च्या आवृत्तीला फर्नांदो कोरोनिल यांची चांगली प्रस्तावना जोडलेली आहे. दोन्ही प्रस्तावना आधी वाचू नका. डॉन आणि दोन्या यांचा सामना सलग वाचा, मागची प्रकरणे लागतील तशी उघडा, आणि पंडितांना सर्वांत शेवटी बोलू द्या.